कोणीही न घेतलेलं काम

आमच्या कंपनीच्या ॲपचं नाव सोबतीण. तिला आवाज दिलाय तो जन्मात कधी न चिडलेल्या बाईचा. घरातली सगळी कामं तिच्या कानावर घालायची, मग ती घरातल्या एकेकाला विचारून वाटून देते. पोरांना शाळेतून कोण आणणार, गळका नळ कोण दुरुस्त करून घेणार, वह्यांना कव्हरं कोण घालणार. जाहिरातीत एक आई आहे. एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात लॅपटॉप, आणि केस जागच्या जागी. सोबतीण तिला म्हणते, "तू काळजी करू नकोस, मी आहे ना." ही जाहिरात मी पहिल्यांदा पाहिली ती ऑफिसच्या बेसिनपाशी, खांद्यावरचा लेकीच्या टूथपेस्टचा डाग धुता धुता.

सोबतिणीचं कामवाटप मी लिहिलेलं आहे. म्हणजे कोणतं काम कोणाकडे जावं हे ठरवणारा भाग. त्यामुळे प्रसिद्धी विभागातल्या बाईंना मी म्हणजे घबाडच वाटले. आईने आयांसाठी बनवलेलं ॲप! त्यांनी माझा फोटो काढायचं ठरवलं. माझी लेक ठकी सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, आणि कडेवर बसायला साफ नकार देणारी. मग त्यांनी कोणाचं तरी गुटगुटीत बाळ उसनं आणलं. ते माझ्या कडेवर रडायला लागलं, तर फोटोवाला म्हणाला, मॅडम, जरा आईसारखं धरा ना. तो फोटो अजून आमच्या लिफ्टसमोर लावलेला आहे.

आता तो नियम सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. एखादं काम सोबतिणीने सगळ्यांना विचारलं आणि कोणीच घेतलं नाही, तर त्याचं काय करायचं? काम हवेत लटकलं की ॲप बंद पडायचं. तेव्हा शेवटी कोणाच्या तरी नावावर ते पडायला हवं. सुरुवातीच्या एका बैठकीत मी विचारलं, की हे शेवटचं नाव कोणाचं ठेवायचं. मोठे साहेब हसले. "आई. यात विचारायचं काय?" मी तसं लिहिलं. त्याला जोडून आणखी एक नियम आला. सोबतिणीत 'एकाग्रता वेळ' नावाची सोय आहे. ती चालू केली की तुम्हाला कोणी काम विचारत नाही. पण ज्याच्या नावावर शेवटी कामं पडतात त्यालाच ती सोय दिली, तर कामं पुन्हा हवेत लटकणार. म्हणून आईला एकाग्रता वेळ नाही. तांत्रिकदृष्ट्या अगदी बिनचूक आहे, कोणीही तपासून बघावं.

तिसरी गंमत ताऱ्यांची. आपण होऊन काम घेतलं की सोबतीण शाबासकी म्हणून एक तारा देते. अंगावर पडलेल्या कामाला तारा नाही, कारण ते तुम्ही घेतलेलं नसतं.

आमच्या घरात सोबतीण पहिल्या दिवसापासून आहे. माझा नवरा लिफ्टची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. माणूस वाईट नाही. व्यसन नाही, आवाज चढवत नाही, आणि बाल्कनीतल्या चार कुंड्यांना रोज न चुकता पाणी घालतो. हे काम तो आपण होऊन घेतो. रोज एक तारा. बाकीचा दिवस त्याची एकाग्रता वेळ चालू असते, आणि रविवारीही असते, कारण रविवारी म्हणे त्याला स्वतःकडे बघायचं असतं. महिन्याच्या शेवटी सोबतीण घराचा तक्ता दाखवते. त्यात बाबांच्या नावापुढे ताऱ्यांची रांग आणि आईच्या नावापुढे स्वच्छ पांढरी जागा. सासूबाई तो तक्ता शेजारणींना दाखवतात. आमच्याकडे सगळं तोच बघतो हो, असं वर सांगतात. सासूबाईंकडेही सोबतीण आहे, पण त्यांचा फोन कपाटात स्वेटरच्या घडीखाली असतो. उगाच वापरून झिजायला नको.

मी चिडत नव्हते का? चिडत होते की. पण सकाळी डबा भरायचा, ठकीचा हरवलेला मोजा शोधायचा, गाडीत बसून पहिल्या बैठकीला हजेरी लावायची, यात चिडायला जी निवांत जागा लागते ती सापडायची नाही. चिडणं हेसुद्धा कोणी न घेतलेलं काम होऊन बसलं होतं.

अशात आमच्या विभागप्रमुखांनी कंपनी सोडली आणि त्यांची जागा रिकामी झाली. ती मला हवी होती. उगाच आडवळणाने कशाला सांगू, मनापासून हवी होती. सात माणसांना मी हाताखाली घेऊन शिकवलं होतं, त्यातले तिघे आता माझ्या वर बसून मलाच शिकवत होते. दोन वेळा हीच जागा माझ्या हातून गेली होती. दोन्ही वेळा, तुमच्यावर घराचा आधीच इतका भार आहे, असं हळव्या आवाजात सांगून माझ्या तोंडाला पानं पुसली होती. या वेळी गेली असती तर पुढे विचारणार कोण? माझ्यासमोर उमेदवार एकच, आमचा हो-हो. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण काहीही विचारलं की तो "हो हो" म्हणतो. एवढ्या एका गुणावर तो बराच वर आलाय. घरी त्याला दोन वर्षांची जुळी आहेत, हे मला त्याच्या टेबलावरच्या फोटोवरून माहीत. फोनवर मात्र त्याला कधी त्यांच्याविषयी बोलताना ऐकलं नाही.

मुलाखत मंगळवारी होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला, खांद्यावर डाग नाही हे दोनदा बघितलं, आणि मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या खुर्चीवर वेळेच्या आधी जाऊन बसले. फोन बॅगेत ठेवला. आत मोठे साहेब, हिशेब बघणारे साहेब, विक्रीचे साहेब आणि मनुष्यबळवाल्या बाई असे चौघे. मी बसले, पाणी प्यायले, पुन्हा पाणी प्यायले. मग दार उघडलं आणि मोठ्या साहेबांचा सहायक हो-होला आत बोलवायला आला. मला बघून तो दचकला.

"मॅडम, तुम्ही इथे कशा? तुम्ही येत नसल्याचं तुम्हीच कळवलंय."

झालं होतं ते असं. ठकीला शाळेत उलटी झाली. शाळेने सोबतिणीला कळवलं. सोबतिणीने बाबांना विचारलं, तर त्यांची एकाग्रता वेळ. आजीला विचारलं, तर आजीचा फोन स्वेटरखाली. मग काम पडलं माझ्यावर. पण माझी तर त्याच वेळी मुलाखत. सोबतीण हुशार. आजारी मूल आणि बैठक यांत मोठं काय, हे तिला कळतं. तेही मीच तिला शिकवलेलं. तिने माझ्या नावाने चौघांना निरोप धाडला, की कौटुंबिक जबाबदारीमुळे मी येऊ शकत नाही, समजून घ्याल अशी आशा आहे. खाली फुलाचं चित्र. आणि मनुष्यबळवाल्या बाईंच्या सोबतिणीने त्याला बाईंना न विचारताच उत्तरही पाठवलं होतं, "तुमच्यातल्या आईला सलाम."

मी दाराच्या फटीतून आत बघितलं. चौघे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, मी आलेय, मी इथेच बसले होते. मोठे साहेब उठून बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवावा तशा आवाजात म्हणाले, की मूल आधी, अशा वेळी आम्ही तुम्हाला अडवणार नाही. शुक्रवारी निर्णयाची बैठक आहे, तेव्हा दहा मिनिटं तुमचंही ऐकून घेऊ. तोवर हो-हो आत जाऊन बसलाही होता.

गाडीत मी रडले. रागाने रडले, वाईट वाटून नाही. हे मुद्दाम सांगते, कारण बाई रडली की लोक लगेच तिला रुमाल देतात आणि विषय बदलतात.

ठकी शाळेच्या बाकावर पाय हलवत बसली होती. तिने मैत्रिणीशी पैज लावून हिरव्या खडूचं टोक खाल्लं होतं. जे काही होतं ते बाहेर पडून गेलं होतं आणि आता तिला भूक लागली होती. मला बघून ती म्हणाली, "मी बाईंना सांगितलं बाबाला बोलवा, आईची आज परीक्षा आहे. पण बाई म्हणाल्या, ॲपमध्ये आईच येते."

सात वर्षांच्या पोरीला माझी मुलाखत लक्षात होती. घरी आलेल्या नवऱ्याला ती आठवेना. कशी झाली, असं त्याने तिसऱ्या दिवशी विचारलं, कुंड्यांना पाणी घालता घालता. मी काय घडलं ते सांगितलं. तो हळहळला. मग म्हणाला, की तुमच्या ॲपमध्ये काहीतरी सुधारणा करायला हवी बुवा.

खरं सांगते, तोवर माझ्या डोक्यात तसं काही नव्हतं. पण नवऱ्याचा सल्ला इतक्या वर्षांत प्रथमच कामाचा निघाला होता, तो वाया कसा घालवायचा? मी ऑफिसला गेले, कामवाटप उघडलं आणि जिथे 'आई' होतं तिथे 'बाबा' लिहिलं. एक शब्द. बाकी एकाही नियमाला हात लावला नाही. बदलाच्या टिपणात लिहिलं, 'कामवाटपात किरकोळ सुधारणा.' आमच्याकडे कोणताही बदल दुसऱ्याने वाचून पसंत केल्याशिवाय बाहेर जात नाही. मी तो हो-होकडे पाठवला. त्याच्याकडून उत्तर आलं, "हो हो, छान." दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाच्या आत नवी सोबतीण लाखो घरांत पोचली होती.

शुक्रवारी सकाळी मी त्या खोलीत चौघांसमोर बसले. मोठ्या साहेबांनी सुरुवात केली. तुमच्या कामाबद्दल कोणाच्याच मनात शंका नाही, असं म्हणाले, आणि या वाक्यानंतर काय येतं ते मला दोन वेळच्या अनुभवाने पाठ होतं. पण ते येण्याआधी त्यांचा फोन वाजला.

"बाबा," सोबतीण गोड आवाजात म्हणाली, "धाकट्याची नखं कापायची आहेत. सांभाळून, तो चावतो."

मोठ्या साहेबांनी घाईने आवाज बंद केला. तो पुन्हा चालू झाला. पाळणाघराच्या बाईंना भेटायचं होतं, धाकटा का चावतो याबद्दल. तेवढ्यात हिशेबवाल्या साहेबांचा फोन सुरू झाला. कपडे वाळत घालणे, वाळलेले काढणे, काढलेल्यातले शाळेचे वेगळे करणे. विक्रीचे साहेब आपल्या फोनकडे बघून गोंधळले होते. "इथे लिहिलंय सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, पण माझ्या सासूबाई तर दुसऱ्या देशात राहतात," असं ते सगळ्यांना सांगू लागले. मी त्यांना सांगितलं, की ते काम तुमच्या बायकोने नोंदवलेलं आहे. तिच्या सासूबाई म्हणजे तुमच्या आई. आईच्या डोळ्यांना काही झालंय हे साहेबांना तिथेच कळलं.

"हे बंद कसं करायचं?" मोठ्या साहेबांनी मला विचारलं.

"बंद होत नाही, साहेब," मी म्हणाले. "आधीपासूनच होत नाही."

त्यांनी घरी फोन लावला. बायको काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण ती बराच वेळ हसत होती ते आलं. मनुष्यबळवाल्या बाई मात्र आपला फोन उलटसुलट करून बघत होत्या. तो सकाळपासून एकदाही वाजला नव्हता. बिघडला की काय म्हणून त्यांनी माझ्याकडे दिला, आणि मी तो चांगला असल्याचं सांगितल्यावर त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं.

आणि मग सोबतिणीने तिचं काम केलं. आजारी आईचे डोळे, चावणारं मूल आणि बैठक यांत मोठं काय, हे तिला ठाऊकच होतं. तिन्ही साहेबांच्या नावाने एकमेकांना निरोप गेले. कौटुंबिक जबाबदारीमुळे मी आजच्या बैठकीला येऊ शकत नाही. खाली फूल. तिघे एकाच टेबलाभोवती बसून एकमेकांचे न येण्याचे निरोप वाचत होते. बैठक रद्द झाली होती आणि दाराबाहेर दुसरी मंडळी खोली रिकामी व्हायची वाट बघत उभी होती.

मोठे साहेब तांबडेलाल झाले. हा भयंकर बिघाड आहे, असं ते म्हणाले. इतका मोठा बिघाड कंपनीच्या इतिहासात झाला नाही. तो बदल ज्याने पसंत केला त्याला बोलवा, आमच्याकडे जबाबदार तोच धरतात. हो-हो आला. तो फोन कानाला लावून कोणाला तरी डायपरचा आकार विचारत होता.

"हा बिघाड आहे तरी कधीपासून?" हिशेबवाल्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले. "तुमच्या फोनवर आज आला."

मनुष्यबळवाल्या बाई खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "राहू दे की तसाच थोडे दिवस."

राहिला नाही. सोमवारपर्यंत बापांच्या तक्रारींनी कंपनीच्या नाकी नऊ आले. एकाने लिहिलं होतं, की तुमचं ॲप माझ्या संसारात ढवळाढवळ करतं. एकाने विचारलं होतं, की मुलगा कोणत्या शाळेत आहे ते ॲपमध्ये कुठे सापडेल. आयांकडून एकही तक्रार नव्हती. आता हा गोंधळ निस्तरायचा, लाखभर बापांना उत्तरं द्यायची, मोठ्या साहेबांचे बोल खायचे, आणि हे सगळं करणार कोण? विभागप्रमुख. मोठ्या साहेबांनी हो-होला बोलावून जागा देऊ केली. हो-होने आयुष्यात पहिल्यांदा "नाही" म्हटलं. मग त्यांनी बाहेरच्या दोघांना विचारलं, त्यांनी हात झटकले. सगळ्यांना विचारून झालं आणि कोणीच घेतलं नाही, तेव्हा विभागप्रमुखपद माझ्या अंगावर पडलं. नियमच तसा आहे. अभिनंदनाचा निरोप आला, त्यात तारा नव्हता.

मी जागा घेतली. कशी मिळाली याचं दुःख करत बसायला मला वेळ नव्हता आणि आताही नाही. पहिलं काम म्हणून मी तो एक शब्द काढून टाकला आणि तिथे रिकामी जागा ठेवली. आता सोबतीण चालू करताना प्रत्येक घराला विचारते, कोणीही न घेतलेलं काम कोणाच्या नावावर टाकायचं? नाव तुम्हीच लिहा. पहिल्या आठवड्यातली उत्तरं माझ्या टेबलावर आली. बहुतेक घरांनी 'आई' लिहिलं होतं. आणि त्यातली निम्म्याहून जास्त उत्तरं आयांच्या स्वतःच्या फोनवरून आलेली होती. ते वाचून मी लिफ्टसमोरच्या माझ्या फोटोला जरा जास्तच जोरात शिवी दिली.

आमच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा आम्ही चौघे जेवायला बसलो होतो. सासूबाई, नवरा, मी आणि ठकी. फोन ठकीच्या हातात. तिला नुकतंच जोडाक्षरांसकट वाचता यायला लागलंय, म्हणून दिसेल ते मोठ्याने वाचते. तिने प्रश्न वाचला आणि विचारलं, की मग मी कोणाचं नाव लिहू?

सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. नवराही माझ्याकडे बघू लागला, अगदी प्रेमाने. मी पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश पाणी प्यायले. या वेळी काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

"बाबाचं लिहिते," ठकी म्हणाली. "त्याला तारे आवडतात."

"अगं, पण त्या कामांना तारे नसतात," नवरा पटकन म्हणाला.

मी पेला खाली ठेवला. हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. ॲपमध्येही कुठे लिहिलेलं नाही. तीन वर्षं मी मनाची समजूत घालत होते की बिचाऱ्याच्या लक्षात येत नाही, एकदा आलं की तो आपण होऊन करेल. त्याच्या ते लक्षात आलेलं होतं. म्हणूनच तर तो कुंड्यांपुढे सरकत नव्हता.

"तुला हे माहीत होतं," मी म्हणाले.

तो कुंड्यांकडे बघू लागला. सासूबाई आपल्या ताटाकडे बघू लागल्या. ठकीने कोणाची वाट न बघता नाव लिहून टाकलं होतं. फोन वाजला आणि ती जन्मात कधी न चिडलेली बाई म्हणाली, "बाबा, शाळेतून निरोप आहे. ठकीच्या वर्गात उवा झाल्या आहेत. आज तिचे केस बघायचे आहेत."

ठकी उठली, आतून बारीक दातांची फणी घेऊन आली, ती बापाच्या हातात दिली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.